सेकंडहँड 'स्पीडी' : अस्सल की नक्कल?

प्रश्न : ओळखीतल्या एक बाई त्यांची लुई व्हितॉंची जुनी 'स्पीडी' बॅग विकताहेत. अस्सल असल्याचं कार्डही सोबत आहे. घ्यावी का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : मला त्या कार्डाचाच संशय येतो. ही कंपनी असं कार्ड देत नाही. ते चिकटवून देण्याची हौस नक्कल करणाऱ्यांची.

आता बॅग उलटीसुलटी करून बघा. क्लासिक मोनोग्राम स्पीडीचं कापड पुढून तळाखालून मागे एकसलग जातं. त्यामुळे मागच्या बाजूची 'एलव्ही' अक्षरं उलटी दिसतात. अनेकांना हाच दोष वाटतो! हँडलचं चामडं फारशी प्रक्रिया न केलेलं असतं. ऊन आणि हाताच्या स्पर्शाने ते मधाळ तपकिरी होतं. भरपूर वापरलेल्या बॅगेची हँडल कोरी करकरीत असतील, तर ती बदलली होती का, ते विचारा.

आत बॅग कधी बनली ते सांगणारा कोड शोधा. २००७ पासूनच्या कोडमध्ये पहिला व तिसरा अंक आठवडा सांगतो, दुसरा व चौथा वर्ष. १०२८ म्हणजे २००८ चा बारावा आठवडा. 'सत्तरावा आठवडा' निघाला, तर बोलणंच संपलं. मात्र कोड बरोबर असला म्हणून बॅग खरी ठरत नाही, तोही छापता येतो. २०२१ पासून कोडऐवजी चिप आली.

मूळ बिल मागा. ते नसेल, तर स्वतंत्र तपासणी होईपर्यंत पैसे देऊ नका, ओळख कितीही जुनी असो.