सरासरी आणि तिच्या आड दडलेला मोठा आकडा

तीर्थपुरी हे जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यातले गाव. तेथील शेतकऱ्याची पावसाळ्यात एका आकड्याशी नित्य गाठ पडते. तो आकडा पावसाचा होय. रात्री मुसळधार पाऊस होऊन कपाशी पाण्यात उभी राहते, आणि वर्तमानपत्रात मात्र “तालुक्यात सरासरी ४० मिलिमीटर” एवढेच छापून येते. तेव्हा तो म्हणतो, “हा आकडा खोटा आहे.” वाचकहो, आकडा खोटा असेलच असे नाही. तो काय सांगतो व काय सांगत नाही, हे आज आपण पाहू.

महाराष्ट्रात पाऊस महसूल मंडळांप्रमाणे मोजतात, आणि एखाद्या मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला म्हणजे तेथे अतिवृष्टी झाली असे धरतात. ६५ मिलिमीटर म्हणजे एका एकरावर सुमारे २ लाख ६३ हजार लिटर पाणी! म्हणून हा हिशेब शेतकऱ्यास समजणे अगत्याचे आहे.

उदाहरण पहिले. एका तालुक्यात पाच मंडळे आहेत असे समजा. सरासरी पाऊस ४० मिलिमीटर झाला. कोणत्याही मंडळात २० हून कमी झाला नाही. तर एका मंडळात अधिकात अधिक किती झाला असेल?

रीत : प्रथम सरासरीवरून बेरीज काढावी. ४० × ५ = २००. ही बेरीज ठरलेली आहे. एकाच्या वाट्यास अधिक यावयाचे, तर इतरांच्या वाट्यास कमी आले पाहिजे. म्हणून इतर चारांस कमीत कमी, म्हणजे २० प्रमाणे, ८० द्यावेत. २०० − ८० = १२०. उत्तर, १२० मिलिमीटर. सरासरी ४० असूनही एका मंडळात अतिवृष्टीच्या जवळजवळ दुप्पट पाऊस होऊ शकतो.

उदाहरण दुसरे. त्याच पाच मंडळांची सरासरी १३ आहे, आणि इतर माहिती काहीच नाही. कोठे अतिवृष्टी झाली असेल काय?

रीत : १३ × ५ = ६५. इतर चार मंडळे अगदी कोरडी राहिली, तरी पाचव्यात ६५ च होतील. ६५ हून अधिक होणे नाही. म्हणून अतिवृष्टी झाली नाही, हे निश्चित. पण सरासरी १४ असेल, तर बेरीज ७० होते, आणि मग अतिवृष्टी शक्य आहे.

येथे एक सावधगिरी बाळगावी. “शक्य आहे” म्हणजे “झाले” असे नव्हे. १२० हा आकडा केवळ मर्यादा दाखवितो. पाचही मंडळांत ४० प्रमाणे पाऊस झाला असेल, तरी सरासरी तीच येते. यास्तव सरासरीवरून नुकसान नाकारणे जसे चूक, तसेच केवळ तिच्यावरून नुकसान सिद्ध झाले असे म्हणणेही चूक. खरी साक्ष आपल्या मंडळातील पर्जन्यमापकाची. तालुक्याचा आकडा वाचून निराश न होता आपल्या मंडळाची नोंद विचारावी, तारखेसह लिहून ठेवावी, आणि पंचनाम्याच्या वेळी ती पुढे करावी.

अभ्यासासाठी : चार जणींनी एका दिवसात सरासरी २५ किलो कापूस वेचला. कोणीही १५ किलोहून कमी वेचला नाही. एकीने अधिकात अधिक किती वेचला असेल? (उत्तर : ५५ किलो.) उत्तर झाकून हे गणित घरातील मुलांकडून करवून घ्यावे.