घरातील मौल्यवान वस्तूंचा विमा

दिल्लीच्या नैऋत्येस असलेल्या गुडगावला २०१६ साली गुरुग्राम हे नाव मिळाले. त्याच वर्षी २८ जुलैला तेथे मोठा पाऊस झाला. बादशाहपूरचा नाला फुगला, हीरो होंडा चौक पाण्याखाली गेला आणि अनेक प्रवाशांना रात्र रस्त्यावरच काढावी लागली. या शहरातील वसाहतींना उंच कुंपणे आहेत, दारोदार पहारेकरी आहेत. पहारेकरी चोराला अडवू शकेल. पाणी, आग किंवा भूकंप यांना तो अडवू शकत नाही. म्हणूनच विम्याचा विचार करावा लागतो.

परंतु घराचा विमा उतरवला म्हणजे घरातील प्रत्येक वस्तू सुरक्षित झाली, हा समज चुकीचा आहे. विमा हा करार आहे, आणि करारात जे लिहिले आहे तेवढेच विमेदाराला मिळते.

१ एप्रिल २०२१ पासून देशातील सर्वसाधारण विमा कंपन्यांना राहत्या घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ हे एकाच नमुन्याचे विमापत्र उपलब्ध करून द्यावे लागते. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, दंगल इत्यादी संकटांनी होणारे नुकसान त्यात येते. इमारतीबरोबर सामानाचाही विमा घेतल्यास इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, परंतु जास्तीत जास्त १० लाख रुपये, एवढे संरक्षण सर्वसाधारण सामानाला आपोआप मिळते. इमारतीचा विमा ४० लाखांचा असेल तर सामानाला ८ लाख. ६० लाखांचा असेल तर मात्र १२ नव्हे, १० लाखच. सामान याहून अधिक किमतीचे असल्यास तसे जाहीर करून वाढीव रक्कम घेता येते. भाडेकरूला केवळ सामानाचा विमाही घेता येतो. गुरुग्रामसारख्या, नोकरीसाठी आलेल्या भाडेकरूंच्या शहरात ही सोय महत्त्वाची आहे.

येथे तीन गोष्टी लक्षात घेतल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट अशी की सर्वसाधारण सामान म्हणजे लाकडी सामान, कपडे, स्वयंपाकघरातील उपकरणे, दूरचित्रवाणी संच इत्यादी. दागिने, चांदीची भांडी, चित्रे आणि कलावस्तू यांत मोडत नाहीत. त्यांच्यासाठी मौल्यवान वस्तूंचे ऐच्छिक संरक्षण वेगळे मागावे लागते. त्यात प्रत्येक वस्तूचे मूल्य आधीच ठरवून विमापत्रात नोंदले जाते. एकूण रक्कम ५ लाखांपर्यंत आणि कोणतीही एक वस्तू १ लाखाच्या आत असेल, तर मूल्यांकनाचा दाखला लागत नाही. त्यापुढे तो द्यावा लागतो.

दुसरी गोष्ट चोरीविषयी. या विमापत्राच्या मूळ भागात सर्वच चोऱ्या येत नाहीत. पूर, आग यांसारख्या संकटामुळे, त्यानंतर सात दिवसांच्या आत झालेली चोरीच त्यात धरली जाते. एरवीच्या घरफोडीसाठी निराळे संरक्षण घ्यावे लागते. घरफोडीच्या बऱ्याच करारांत घरात बळजबरीने प्रवेश झाल्याचा पुरावा मागतात, आणि कुटुंबीयांनी किंवा घरकामगारांनी केलेली चोरी वगळतात. लग्नसमारंभाला अंगावर घातलेल्या दागिन्याचा विमा हवा असेल, तर घराबाहेरही लागू होणारे ‘सर्व जोखीम’ प्रकारचे संरक्षण पाहावे.

तिसरी गोष्ट विमा रकमेची. रक्कम खऱ्या मूल्यापेक्षा कमी ठेवली, तर अनेक करारांत भरपाई त्याच प्रमाणात कापली जाते. समजा, २० लाखांच्या सामानाचा १० लाखांचाच विमा काढला आणि ४ लाखांचे नुकसान झाले. तर २ लाखच मिळतील. ‘भारत गृह रक्षा’ विमापत्रात अशी कपात नाही, तथापि भरपाई विमा रकमेच्या पलीकडे जात नाही. सोन्याचा भाव वाढला की जुनी रक्कम अपुरी पडते. म्हणून नूतनीकरणाच्या वेळी मूल्य पुन्हा तपासावे.

‘आमचे दागिने बँकेत आहेत’ असे म्हणून पुष्कळ जण निश्चिंत राहतात. ऑक्टोबर २०१४ मध्ये हरियाणातीलच गोहाना येथे चोरांनी भुयार खणून एका बँकेतील लॉकर फोडले; नोव्हेंबर २०१७ मध्ये नवी मुंबईतील जुईनगर येथेही असाच प्रकार घडला. रिझर्व्ह बँकेच्या, १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार आग, चोरी, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यांमुळे लॉकरमधील ऐवज गेल्यास बँकेचे दायित्व लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभरपट एवढेच असते. भाडे ४,००० रुपये असेल तर ४ लाख रुपये; आतील ऐवज कितीही किमतीचा असो.

यावरून विमा घेणाऱ्याने काय करावे हे स्पष्ट होते. प्रथम खोलीनिहाय यादी करावी, पावत्या व छायाचित्रे जमवावीत आणि त्यांची एक प्रत घराबाहेर ठेवावी. घराबरोबर पुरावाही बुडाला तर दावा सिद्ध करणे कठीण जाते. नंतर हप्त्याची तुलना करण्यापूर्वी वगळलेल्या बाबींची तुलना करावी. घर किती दिवस बंद राहिले तर चालते आणि दागिने तिजोरीतच ठेवण्याची अट आहे काय, ही उत्तरे लेखी घ्यावीत. प्रस्तावपत्रात कोणतीही माहिती लपवू नये, कारण तीच पुढे दावा नाकारण्याचे कारण ठरू शकते.

नुकसान झाल्यास कंपनीला ताबडतोब कळवावे. चोरी असेल तर पोलिसांत फिर्याद नोंदवावी. दावा अन्यायाने नाकारला गेल्यास आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. एका महिन्यात समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते.

आजीच्या पाटल्या गेल्या तर त्याच पाटल्या कोणतीही कंपनी परत आणून देणार नाही. विमा देतो तो त्यांचा पैसा, आणि तोही त्यांची नोंद आधी केली असेल तरच.