फरंग, खॅक आणि तांग-दाव : स्थलांतराच्या धड्याची उलटी बाजू

स्थलांतराचा धडा शिकवताना आपण फळ्यावर बाण काढतो तो बहुतेक वेळा एकाच दिशेचा. खेड्यातून शहराकडे, मराठवाड्यातून ऊसतोडीला, भारतातून आखातात नाहीतर अमेरिकेत. म्हणजे गरिबीकडून पैशाकडे. मुलं हे पाठ करतात आणि पेपरात लिहितातही. पण उलटा बाणसुद्धा असतो, आणि तो शिकवायला थायलंडचं उदाहरण फार चांगलं आहे. ब्रिटन, अमेरिका, जर्मनी, स्वीडन, ऑस्ट्रेलिया अशा श्रीमंत देशांतली बरीच माणसं आपला देश सोडून तिथे राहायला गेलेली आहेत.

याला थोडा इतिहास आहे. व्हिएतनाम युद्धाच्या काळात उदोन थानी, उबोन, कोराट, ऊ-तापाओ इथे अमेरिकेचे हवाई तळ होते. पटाया तेव्हा मासेमारीचं गाव होतं, सैनिक तिथे सुट्टीला यायचे. युद्ध संपलं, तळ गेले, पण त्यातली काही माणसं राहिली आणि काही पुढे परत आली. नंतर पर्यटन वाढलं तसे पेन्शनर आले, इंग्रजी शिकवणारे आले, आणि अलीकडे लॅपटॉपवर काम करणारी तरुण मंडळी चियांग माईला येऊ लागली.

या गोऱ्या माणसाला थाई लोक म्हणतात 'फरंग'. ओळखीचा वाटला ना शब्द? आपला 'फिरंगी' आणि हा 'फरंग' एकाच कुळातले. फ्रँक लोकांवरून अरबी-फारसीत शब्द झाला आणि व्यापाऱ्यांबरोबर सगळीकडे फिरला. मराठीत त्यातून पोर्तुगीज 'फिरंगी' झाला आणि युरोपी पात्याची तलवार 'फिरंग' झाली. थाई भाषेत तर पेरूलाही 'फरंग'च म्हणतात, आणि बटाट्याला 'मान फरंग', म्हणजे फिरंगी कंद. आपण 'बटाटा' हा शब्द पोर्तुगीजांकडूनच घेतला, हेही वर्गात सांगता येईल.

आपल्याला, म्हणजे भारतीयांना, तिथे 'खॅक' म्हणतात. त्याचा अर्थ पाहुणा. अरब आणि मलय लोकही त्यातच येतात. अर्थ गोड असला तरी बोलण्यात तो दरवेळी आदराने येतो असं नाही. तिसरा शब्द 'तांग-दाव'. कायद्यात तो कुठल्याही परदेशी माणसाला लागू आहे, पण बोलताना डोळ्यांसमोर येतो तो म्यानमार, कंबोडिया, लाओसमधून आलेला मजूर. बांधकामावर, मासळीच्या कारखान्यात, रबराच्या मळ्यात असे लाखो लोक राबतात. आता गंमत बघा. त्याच देशात, त्याच परदेशी कायद्याखाली राहणारा गोरा माणूस इंग्रजीत स्वतःला 'एक्स्पॅट' म्हणवतो आणि बर्मी मजुराला 'मायग्रंट'. देश सोडून दोघेही आलेत, पण शब्द वेगळे. हे वेगळेपण कुठून येतं, एवढा एक प्रश्न वर्गात तास रंगवू शकतो.

पण म्हणून हा गोरा माणूस तिथे राजासारखा राहतो असं समजू नका. निवृत्तीच्या आधारावर राहायचं तर वय किमान ५० हवं, थाई बँकेत ८ लाख बाट हवेत किंवा महिन्याला ६५,००० बाट उत्पन्न दाखवायला हवं. मुदतवाढ एका वर्षाची. दर ९० दिवसांनी आपला पत्ता इमिग्रेशनला कळवायचा, विसरलात तर दंड. कायम रहिवासाचा परवाना मिळतो, पण एका देशाच्या जास्तीत जास्त १०० जणांनाच दरवर्षी, आणि नुसतं निवृत्त होऊन राहणं त्याला पुरत नाही. जमीन नावावर होत नाही. इमारतीतला फ्लॅट घेता येतो, तोही त्या इमारतीच्या एकूण क्षेत्रफळापैकी ४९ टक्क्यांपर्यंतच परदेशी लोकांच्या नावावर असू शकतो. म्हणजे वीस वर्षं राहिलेला माणूसही दरवर्षी नव्याने परवानगी मागतो.

यातली खरी अडचण गणिताच्या तासाला छान समजावता येते. समजा एका ब्रिटिश गृहस्थाला महिन्याला १,००० पौंड पेन्शन आहे. २००६-०७ च्या सुमारास एका पौंडाला ७० च्या आसपास बाट मिळत. म्हणजे ७०,००० बाट, आणि ६५,००० ची अट आरामात पूर्ण. २०१६ नंतर भाव बराच काळ ४०-४५ च्या घरात राहिला. ४३ धरा. आता झाले ४३,००० बाट. माणूस तोच, पेन्शन तीच, पण अट हुकली. त्यात ब्रिटनची सरकारी पेन्शन मायदेशी दरवर्षी वाढते, अमेरिकेत राहणाऱ्या ब्रिटिशालाही ती वाढ मिळते, थायलंडमध्ये राहणाऱ्याला मात्र मिळत नाही. वय वाढतं तसा आरोग्य विम्याचा हप्ता चढतो. मायदेशीचं घर विकून टाकलेलं असतं. पंचाहत्तरीत परत जायचं तर कुणाकडे? हा प्रश्न रोज डोक्यात घेऊन जगणारे लोक तिथे आहेत. 'स्वस्तात मजा करायला गेले' हे वाक्य अशा वेळी फार उथळ वाटतं.

इसान हा ईशान्येचा शेतीप्रधान भाग (नावही आपल्या 'ईशान्य'शी नातं सांगणारं). तिथल्या खेड्यांत असे कितीतरी गोरे जावई राहतात. लग्नात वराने मुलीच्या आईवडिलांना 'सिन सोत' द्यायचं असतं. मराठीत याला आपल्याकडे नेमका शब्द आहे, देज. पाश्चात्त्य लोक यावर अखंड वाद घालतात. काहींना ती मुलीची किंमत वाटते, तर काही म्हणतात, हा आईवडिलांचा मान आहे. पुष्कळ घरांत धाकटी मुलगी आईवडिलांजवळ राहते, त्यामुळे हा गडी घरजावई होतो. घर त्याच्या पैशाने बांधलेलं, जमीन बायकोच्या नावावर. आपल्याकडे घरजावयाबद्दल काय काय बोललं जातं ते आठवा, आणि मग त्याची भाषाही येत नाही अशी कल्पना करा.

भाषा हा तर मोठाच विषय. थाईमध्ये पाच सूर आहेत. 'माइ' हा उच्चार सुरानुसार 'नवीन', 'लाकूड', 'नाही', 'रेशीम' असा बदलत जातो. वर्षानुवर्षं राहूनही अनेकांना बाजारापुरतंच थाई येतं, आणि 'हे लोक आम्हाला आपलं मानत नाहीत' ही तक्रार बऱ्याचदा त्यांचीच असते. इथे माझी सहानुभूती थोडी कमी होते.

शिक्षकांसाठी खास गोष्ट. थाईमध्ये शिक्षकाला 'ख्रू' म्हणतात, म्हणजे आपला गुरू. शिक्षकांची अधिकृत परिषद 'खुरुसफा', म्हणजे चक्क गुरुसभा. परदेशी शिक्षकालाही शिकवण्यासाठी तिचा परवाना किंवा तात्पुरती मुभा लागते. साधारण जूनमध्ये एका गुरुवारी 'वाइ ख्रू' होतो, आणि त्या वाराचं थाई नाव बृहस्पतीवरूनच आहे. मुलं गुडघे टेकून शिक्षकांना फुलं देतात. त्यात वांग्याचं फूल असतं नम्रतेसाठी, इक्झोरा तल्लख बुद्धीसाठी, आणि हरळी, आपली दूर्वा, चिकाटीने पसरण्यासाठी. नव्याने आलेल्या पाश्चात्त्य शिक्षकाला मुलांनी असं गुडघे टेकणं अवघड वाटतं. आपल्याला त्यात काहीच अवघड वाटणार नाही. हेच शिक्षक स्टाफरूममध्ये मात्र एक तक्रार आवर्जून करतात : इथे कुणाला नापास करता येत नाही. यावर आपण काय बोलणार!

शेवटी वर्गात घेण्यासारखा एक वाद. थायलंडमधल्या राष्ट्रीय उद्यानांत परदेशी माणसाला तिकीट स्थानिकांपेक्षा अनेकदा चार-पाच पट असतं. कुठे कुठे स्थानिकांचा दर थाई अंकांत लिहिलेला असतो, म्हणजे परदेशी माणसाला तो वाचताच येत नाही. तिथे कर भरणारे फरंग यावर फार चिडतात. आता वेरूळचं तिकीट घ्या : भारतीयाला ४० रुपये, परदेशी माणसाला ६००. मात्र सार्क आणि बिमस्टेक देशांच्या नागरिकांना आपलाच दर लागतो, आणि थायलंड बिमस्टेकमध्ये आहे. म्हणजे थाई पर्यटक वेरूळला ४० रुपयांत जातो, आणि आपण तिथल्या उद्यानात गेलो तर परदेशी दराने. वर्गाचे दोन गट करा. एकाने थायलंडमध्ये दहा वर्षं राहिलेल्या ब्रिटिश शिक्षकाची बाजू मांडायची, दुसऱ्याने तिकीट खिडकीवरच्या थाई कर्मचाऱ्याची. मग गट बदला, आणि शिक्षकाच्या जागी बर्मी मजूर बसवा.