टाचांच्या भेगा : कारणे व घरगुती निगा

डिसेंबर संपत आला की दिल्लीवर सकाळच्या वेळी दाट धुके उतरते. करोल बागेच्या गल्ल्यांतून समोरचे घर दिसेनासे होते. दोरीवर टाकलेले कपडे दुपारपर्यंत दमट राहतात. हवेत एवढा ओलावा भासत असताना नेमक्या ह्याच दिवसांत घरोघरी ओठ फुटतात, हातपाय उलतात आणि टाचांना भेगा पडतात. कोकणातून नोकरीनिमित्त येथे आलेल्या कुटुंबास हा प्रकार कोड्यासारखा वाटतो. गावी अनवाणी चालूनही ज्या टाचा शाबूत राहिल्या, त्या येथे पायांत मोजे असूनही का फुटाव्यात?

थंड हवेची तहान

ह्या कोड्याचे उत्तर हवेच्या एका गुणधर्मात आहे. हवा जितकी थंड, तितके तिच्यात बाष्प कमी मावते. जानेवारीत दिल्लीचे किमान तापमान सरासरीने 7 ते 8 अंश सेल्सिअस असते. अशा एक घनमीटर हवेत फार तर 8 ग्रॅम बाष्प राहू शकते. 30 अंशांच्या हवेत मात्र सुमारे 30 ग्रॅम बाष्प मावते. धुक्याने भरलेली थंड हवा अंगालगत येऊन तापली की तिची बाष्प सामावण्याची शक्ती जवळजवळ चौपट होते. ती उणीव भरून काढण्यासाठी ती त्वचेतील पाणी शोषून घेते. कोकणातील हिवाळी हवा उबदार व बाष्पयुक्त असल्यामुळे तेथे हे शोषण बेताचे असते.

टाचेची त्वचा

सर्व त्वचेवर मृत पेशींचा एक पातळ, कठीण थर असतो. तळपायावर तो सर्वांत जाड असतो. शरीराच्या इतर भागांतील त्वचेत स्निग्ध द्रव्य पाझरविणाऱ्या ग्रंथी असतात. तळहात व तळपाय यांच्या त्वचेत त्या मुळीच नसतात. म्हणून टाचेतून उडून जाणारे पाणी अडविणारे स्निग्ध आवरण तेथे आपोआप तयार होत नाही.

उभे राहिले की शरीराच्या भाराने टाचेखालची चरबीची गादी कडेने पसरते. त्वचा लवचिक असेल तर ती ताणली जाते. कोरडी व जाड असेल तर कडेला फाटते. मागून उघड्या चपलांमुळे गादीला आधार मिळत नाही व हा ताण वाढतो. मराठीत ह्या विकारास जळवात असेही म्हणतात.

पापडाचा प्रयोग

कठीण त्वचा मऊ कशाने होते, तेलाने की पाण्याने? 1952 साली अमेरिकेतील शास्त्रज्ञ ब्लँक यांनी तळपायाच्या जाड त्वचेचे तुकडे घेऊन ह्याचा शोध घेतला. वाळलेले तुकडे तेलात बुडवून ठेवूनही ठिसूळच राहिले. पाणी मिळताच ते लवचिक झाले. ह्याच्याशी मिळताजुळता प्रयोग विद्यार्थ्यांना घरीही करता येईल. कच्च्या पापडाचा एक तुकडा थंड तेलात व दुसरा पाण्यात थोडा वेळ ठेवावा. पाण्यातला तुकडा लवेल. तेलातला वाकविताच मोडेल.

मग तेलाचा उपयोग काय? त्वचेत शिरलेले पाणी उडू न देणे, हे तेलाचे कार्य होय. तेल हे झाकण आहे. भांड्यात पाणी नसताना नुसते झाकण ठेवून लाभ होत नाही. करोल बागेतच 13 फेब्रुवारी 1921 रोजी महात्मा गांधींच्या हस्ते उद्‌घाटन झालेले तिब्बिया महाविद्यालय आहे. तेथे आयुर्वेद व युनानी वैद्यक शिकविले जाते. आयुर्वेदात ह्या विकाराला पाददारी हे नाव असून, सुश्रुतसंहितेत पाय शेकून मग मेण, राळ, तूप इत्यादींचा लेप देण्यास सांगितले आहे.

घरगुती निगा

रात्री निजण्यापूर्वी पाय कोमट पाण्यात 10 ते 15 मिनिटे बुडवावेत. कढत पाणी व तीव्र साबण वर्ज्य करावा, कारण त्यांनी त्वचा अधिकच रुक्ष होते. मऊ झालेली टाच वज्रीने हलक्या हाताने घासावी. पाते किंवा कात्री कधीही लावू नये. पाय टिपून, त्वचा ओलसर असतानाच कोकमतेल, व्हॅसलीन किंवा मेणयुक्त मलम चोळावे व सुती मोजे घालावेत. मोज्यांमुळे मलम टिकते आणि फरशीवर पाय घसरत नाही. कोकमतेल थंडीत घट्ट असते. ते किंचित ऊन करून घ्यावे. फार जाड टाचांसाठी युरियायुक्त मलम औषधांच्या दुकानात मिळते. पण ते उघड्या भेगेत झोंबते. हा क्रम काही आठवडे नित्य चालवावा. एका रात्रीत गुण येत नाही.

वैद्यकीय सल्ला केव्हा घ्यावा

भेगेतून रक्त किंवा पू येणे, भोवती लाली व सूज असणे, फार खाज सुटणे, अथवा नियमित निगा राखूनही भेगा न भरणे, ही डॉक्टरांकडे जाण्याची लक्षणे होत. बुरशी, सोरायसिस किंवा कंठस्थ ग्रंथीचा विकारही मुळाशी असू शकतो.

मधुमेही व्यक्तींनी विशेष सावध राहावे. त्यांच्या पायांची संवेदना मंद झालेली असू शकते. पाणी किती कढत आहे किंवा भेग किती खोल गेली आहे, हे त्यांना कळत नाही. त्यांनी पाय भिजत ठेवू नयेत, वज्री वापरू नये व रोज तळपाय पाहावेत. स्वतःस दिसत नसल्यास घरातील मुलाने ते पाहून सांगावे. आजीच्या टाचेवरील लहानशी भेग वेळीच दृष्टीस पडली, तर पुढे पायावर येणारे मोठे संकट टळू शकते.