जुनाट कंबरदुखी : विश्रांती नव्हे, हालचाल हवी

भातलावणीच्या दिवसांत चिखलात वाकून राबणाऱ्या स्त्रिया, उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणारे तोडणी कामगार, दिवसभर खुर्चीवर बसून काम करणारे लिपिक आणि फळ्यासमोर तासन् तास उभे राहणारे शिक्षक यांची कामे भिन्न असली, तरी त्यांची एक तक्रार समान असते. ती म्हणजे कंबरदुखी. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०२० साली जगातील सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना हा त्रास होता. ज्याचे पोट हातावर आहे, त्याच्यासाठी कंबरदुखी म्हणजे बुडालेली मजुरी होय.

उसण आणि जुनाट दुखणे

उसण भरली म्हणजे पायाळू माणसाचा पाय पाठीला लावण्याची प्रथा ग्रामीण भागात आहे. त्याने गुण आल्याचे अनेकजण सांगतात. याचे कारण असे की, नव्याने उद्भवलेली बहुतेक कंबरदुखी काही आठवड्यांत आपोआपच ओसरते. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेले दुखणे मात्र जुनाट समजले जाते. कंबरदुखीच्या दहापैकी सुमारे नऊ रुग्णांमध्ये एखादा विशिष्ट आजार वा इजा हे दुखण्याचे कारण म्हणून दाखविता येत नाही. मणक्यांमधील चकत्या झिजल्याच्या खुणा तर कधीही न दुखलेल्या पाठीतही आढळतात. म्हणून प्रत्येकाने कर्ज काढून महागड्या तपासण्या करून घेण्याचे कारण नाही.

विश्रांतीविषयीचा गैरसमज

दुखते म्हणून पडून राहिल्यास स्नायू दुर्बळ होतात, हालचालीची भीती वाढते आणि दुखणे मुरते. फिनलंडमधील हेलसिंकी शहराच्या कर्मचाऱ्यांविषयीचा एक अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. नुकतीच कंबर धरलेल्या काहींना दोन दिवस अंथरुणावर पडून राहण्यास, काहींना पाठीचे व्यायाम करण्यास, तर काहींना झेपेल तशी नित्याची कामे चालू ठेवण्यास सांगण्यात आले. यांपैकी नित्याची कामे करणारेच लवकर बरे झाले.

जुनाट दुखण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. रुग्णाला दुखण्याचे स्वरूप समजावून सांगणे, नियमित व्यायाम, मर्दन, मनावरील ताण हलका करणारे उपचार आणि जरूर तेव्हा दाहशामक औषधे यांचा त्यांत पुरस्कार आहे. कमरेचा पट्टा, वजने लावून पाठ ताणणे आणि अफूवर्गीय वेदनाशामके यांचा नेहमीच्या उपचारात वापर करू नये, असेही त्यांत म्हटले आहे.

नित्याचा परिपाठ

प्रारंभी दिवसातून दोन वेळा दहा मिनिटे चालावे व हळूहळू ही वेळ वाढवावी. दुखणे वाढेल त्या दिवशी चालणे कमी करावे, परंतु थांबवू नये. ओझे अंगालगत धरावे. एका जड खेपेऐवजी दोन हलक्या खेपा कराव्यात. बैठे काम करणाऱ्यांनी दर अर्ध्या तासाने उठून चार पावले टाकावीत. दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या दीर्घकाळ घेतल्यास जठरात व्रण पडतात आणि मूत्रपिंडांना अपाय होतो.

धोक्याची लक्षणे

लघवी वा शौचावरील ताबा जाणे, जांघेचा भाग बधिर होणे किंवा पायांतील शक्ती कमी होणे, यांपैकी काहीही दिसल्यास रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे. पाठदुखीबरोबर ताप व वजन घटणे ही लक्षणे मणक्याच्या क्षयाचीही असू शकतात. पडल्यानंतर सुरू झालेले किंवा पूर्वी कर्करोग झालेल्या व्यक्तीचे दुखणेही अंगावर काढू नये.

सार्वजनिक कामे ठरविताना ग्रामपंचायतींनी यातील काही गोष्टी सहज अमलात आणाव्यात. लांब दांड्याची अवजारे, वाकून करावयाच्या कामाची आळीपाळीने वाटणी आणि मधूनमधून थोडी उसंत यांस फारसा खर्च येत नाही. दुखत असूनही हिंडताफिरता राहणारा मजूर आळशी नसतो आणि ढोंगीही नसतो. तो योग्य उपचारच करीत असतो. त्याला झेपेल असे काम देणे हा त्या उपचाराचाच भाग आहे.