अनभिष्वंग आणि वात्सल्य

श्रीमद्भगवद्गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना भगवंतांनी पुत्र, पत्नी, गृह इत्यादींविषयी ‘अनभिष्वंग’ सांगितला आहे. ते वाचून गृहस्थाश्रमी मनुष्य साशंक होतो. अपत्यावर प्रेमच करू नये, असा का याचा अर्थ? श्रीशंकराचार्यांचे भाष्य पाहता उलगडा होतो. दुसरा सुखी तर मीच सुखी, तो दुःखी तर मीच दुःखी, असे त्याच्याशी तादात्म्य मानणे हा अभिष्वंग होय. सोडावयाचे ते हे तादात्म्य, वात्सल्य नव्हे.

हा भेद ओळखण्याचा प्रसंग घरात फार लवकर येतो. तीन वर्षांचे मूल सदऱ्याची गुंडी लावू पाहते. आईने हात पुढे करताच तो दूर सारून म्हणते, “माझं मी लावीन.” गुंडी भलत्याच काजात जाते, तरी त्याची मुद्रा उजळते. आईला कौतुक वाटते आणि त्याच क्षणी अंतःकरणात बारीकशी कळही उठते की, याला आता आपली गरज उरणार नाही काय? ही कळ वात्सल्याच्या पोटी येणारच. तिच्यात दोष नाही. परंतु तिच्या अधीन होऊन जी माता गुंडी स्वतःच लावून टाकते, ती मुलाला साह्य करण्याच्या निमित्ताने आपल्याच वियोगभयाचे समाधान करीत असते.

संस्कारांचा क्रमही या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. चौथ्या महिन्यात निष्क्रमण होऊन मूल घराबाहेर येते. सहाव्या महिन्यात अन्नप्राशन होऊन ते केवळ स्तन्यावर अवलंबून राहत नाही. पुढे उपनयनाच्या दिवशी मातृभोजन होते. बटू आईबरोबर एका पात्रात जेवतो आणि मग आचार्यांच्या स्वाधीन होतो. त्या वेळी आईचे डोळे भरून येतात, पण विधी थांबत नाही.

मात्र हात सोडला तरी दृष्टी सोडू नये. विहिरीचा काठ, पेटलेली चूल, रहदारीचा रस्ता येथे मुलाचा हात धरलाच पाहिजे. तेथे अनासक्तीचे नाव सांगणे हा प्रमाद होय. जेथे अपाय नाही, तेथे सांडलेले दूध व उलटसुलट घातलेली पादत्राणे मातापित्यांनी धीराने सोसावीत.

अठराव्या अध्यायाच्या अखेरीकडे भगवंतांनी सर्व गुह्य सांगून झाल्यावर, नीट विचार करून इच्छेस येईल तसे करण्यास अर्जुनाला सांगितले. रणांगणावरही ज्यांनी शिष्याचा निर्णय त्याच्याकडेच ठेवला, त्यांच्या उपासकांनी आपल्या लेकराला एक गुंडी लावण्याइतका अवकाश अवश्य द्यावा.