पांढरी दोनचा सा

सोनू, काल फोनवर तुझा आवाज ऐकला आणि समजले मी. त्या दर्दी मंडळींनी घाबरवलंय तुला. तीस अल्बमची यादी हातात, वर ‘अरेच्चा, हेसुद्धा ऐकलं नाहीस?’ ठेव ती यादी गादीखाली. याद्या वाचून नाद लागत नाही गं, तो लागतो एखाद्याच अल्बमचा.

माझं ऐकशील तर महिनाभर एकच लाव, माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’. सगळे तोच सांगतात म्हणून नाक मुरडू नकोस. सगळे सांगतात ते कधीकधी खरंही असतं. १९५९ सालचा. न्यूयॉर्कमधल्या एका जुन्या चर्चचा स्टुडिओ केलेला, तिथे दोन बैठकांत झाला. पण हे राहू दे, आधी नुसतं पहिलं, ‘सो व्हॉट’ ऐक. पियानो नि बास अंधारात चाचपडल्यासारखे सुरू होतात. मग पॉल चेंबर्सचा बास काहीतरी विचारतो आणि बाकीचे दोनच सुरांत त्याला गप्प करतात. आता आईची पेटी काढ. पांढरी दोन धर सा म्हणून आणि फक्त पांढऱ्या पट्ट्यांवर वर जा. आला ना काफी? तोच आहे तो. चार-चार मात्रांचे सोळा खंड तिथेच राहतात, मग आठ खंडांपुरतं सगळं उचलून काळी दोनवर जातं आणि पुन्हा खाली उतरतं. ती चढण पहिल्यांदा आपल्या कानाने पकडशील ना, त्या दिवशी मला फोन कर, रात्रीचे बारा वाजलेले असले तरी.

आणि एक सांगते, कुणाला बोलू नकोस. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी तुझ्या दाजींना दिवे मालवून समोर बसवलं आणि कोल्ट्रेनचा ‘अ लव्ह सुप्रीम’ लावला. १९६४ च्या डिसेंबरात एका दिवसात वाजवलेला, चार भागांचा, म्हणजे अख्खी प्रार्थनाच. माझे डोळे भरून आलेले. दुसऱ्या भागात बघते तर हे स्वयंपाकघरात, ‘दूध उतू जाईल’ म्हणून. दूध फ्रिजमध्ये होतं! पुढे कितीतरी दिवस सॅक्सोफोन वाजला की यांना बाजारात काम निघायचं. चूक माझीच. मला आवडलेलं मी त्यांच्या अंगावर ओतलं, त्यांचा कान बघितलाच नाही. मग एका रविवारी सहज ‘एला अँड लुई’ लावून मी कांदा चिरत बसले. १९५६ चा तो. एला फिट्झजेराल्डचा रेशमी आवाज आणि शेजारी आर्मस्ट्राँगचा खरखरीत, जणू घसा बसलेले काका. साहेब आले, पोहे भिजवायला लागले नि गुणगुणायलाही लागले.

म्हणून तू कुणाला सुचवशील तेव्हा आधी माणूस बघ. तुझ्या त्या तबलेवाल्या मैत्रिणीला ब्रूबेकचा ‘टाइम आउट’ दे. ‘टेक फाइव्ह’ पाच मात्रांचं. आणि ‘ब्लू राँडो’मधल्या नऊ मात्रा दोन-दोन-दोन-तीन अशा मोजताना तिची बोटं गुंतली की ती तुझीच. आईला मात्र जॅझ हा शब्दच उच्चारू नकोस. ‘अलबेला’तलं सी. रामचंद्रांचं ‘शोला जो भडके’ लाव, पाय हलायला लागले की म्हण, आई, यांच्याकडे ट्रम्पेट वाजवणारा गोव्याचा चिक चॉकलेट होता ना, त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. मग लाव खरा आर्मस्ट्राँग.

माझा सगळ्यांत लाडका मात्र मी क्वचितच कुणाला देते. बिल एव्हान्सचा ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’. २५ जून १९६१, रविवार, न्यूयॉर्कचं ‘व्हिलेज व्हँगार्ड’. तळघरातला क्लब. ग्लास किणकिणतात, लोक कुजबुजतात, कुणीतरी हसतंसुद्धा, आणि त्या गलबल्यात स्कॉट लाफारो नावाचा पंचविशीतला पोरगा बास असा वाजवतो की पियानोला साथ करतोय की त्याच्याशी भांडतोय, कळत नाही. मला ज्याने हा अल्बम दिला त्याने त्या पोराची पुढची गोष्टही आधीच सांगून टाकली. त्यामुळे पहिल्यांदा मी नुसती ती गोष्टच ऐकत बसले, बास ऐकलाच नाही. तुझ्या बाबतीत तसं नको. शोधू नकोस कुठे. दहा वेळा ऐक, मग दिवाळीला येशील तेव्हा सांगते.